पेणचे पाट आणि माझा पॉलिशपेपर

पुण्याहून पेणची एसटी पकडली तेव्हा पाठीवर कॅमेरा होता, काखेत ट्रायपॉड होता आणि पर्समध्ये आमच्या सरांनी दिलेला कागद होता. मी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला. कागदावर फर्मान असं: दहा दिवस कारागिराकडे राहा, कामाची नोंद करा, फोटो स्वच्छ हवेत, शेवटी स्वतःचं काही डिझाइन करून दाखवा. खाली कारागिराची सही. सही नाही तर वर्ष पुन्हा. सर स्वतः कधी पेणला गेलेले नाहीत. त्यांना काय, खुर्चीत बसून फर्मान काढायला जातंय काय!

खोपोलीपर्यंत खिडकी बंद होत नव्हती, पुढे उघडत नव्हती. पेणला उतरले तेव्हा अर्धी ओली आणि अर्धी घामट होते.

नानांचा कारखाना (गणपती घडवतात ती जागा) स्टँडपासून दहा मिनिटांवर. नाना म्हणजे साठीचे, बोटांच्या पेरांत शाडू कायमचा वस्तीला आलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रायपॉडकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही तिपाई कुठं ठेवणार? इथं माझाच पाय ठेवायला जागा नाय."

जागा खरंच नव्हती. मूर्ती, साचे, बादल्या आणि भिंतीला टेकून ठेवलेले लाकडी पाट. इकडे जुनी घरं आपापला पाट आधी कारखान्यात आणून देतात आणि त्यांचा गणपती त्याच पाटावर घडतो. पाट आला नाही तर नाना मातीला हात लावत नाहीत. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, कारण विचारलं की नाना "बघ की" एवढंच म्हणायचे. दहा दिवस राहायचं आणि माणूस बोलणारच नाही, तर नोंद कसली करायची, कपाळाची?

चौथ्या दिवशी दुपारी नाना जेवायला घरी गेले. समोर नऊ पाट होते. काळपट, तेलकट, कुंकवाचे थर, कडेला काहीबाही खरडलेलं. सरांना स्वच्छ फोटो हवे होते. मी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर आणला आणि दोन तास घासघास घासलं. नऊच्या नऊ पाट लख्ख झाले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करते.

नाना आले. पाटांसमोर उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कडेला नावं होती," ते म्हणाले. "कुणाचा कुठला, ते त्याच्यावरनं कळतं."

"आधीचे फोटो असतील," मी म्हटलं आणि मलाच आठवलं की नाहीत. घाणेरडे पाट कशाला काढायचे म्हणून एकही काढला नव्हता.

सहा पाट नानांनी हाताने चाचपून ओळखले. तीन राहिले. तीन घरंही राहिली: एक गडब गावचं, एक खांबचं, एक रोह्याजवळच्या अष्टमीचं. नाना म्हणाले, "आता काढ फोटो. घरोघर जाऊन दाखव नि विचारून ये. मग सही."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. गडबपर्यंत सहा आसनी रिक्षात आम्ही अकरा जण, त्यात एक तांदळाचं पोतं माझ्या मांडीवर. ज्या घरचा गणपती, तिथली बाई भाताच्या खाचरातून चिखलाच्या पायांनीच वर आली. फोनमध्ये बघून म्हणाली, "ह्यो आमचा. निरांजन कलांडलं हुतं, त्यो डाग हाय बघ." मला तो डाग म्हणजे लाकडाची गाठ वाटली होती. कोरा चहा झाला, एक पाट सुटला.

खांबला जायला एसटी तासभर आली नाही. आली ती रुंदीकरणाच्या खड्ड्यांतून अशी गेली की दात मोजून घ्यावेत. खांबच्या म्हाताऱ्याने चष्माही न लावता दुसरा पाट ओळखला. एक पाय त्याने स्वतः बदलला होता. मला वाटलं, सुटले. उरला एक पाट, उरलं एक घर. आता विचारायचं तरी काय? पण नानांनी तिन्ही घरं सांगितली होती. म्हणून चरफडत कोलाड, तिथून रोहा आणि भर पावसात कुंडलिकेचा पूल चालत ओलांडून अष्टमी.

दार उघडलं त्या काकूंनी आधी टॉवेल दिला. मग फोटो बघितला. मोठा करून बघितला.

"हा आमचा नाय गो."

"काकू, बाकीचे सगळे ओळखले. हा तुमचाच असणार."

"नाय. आमच्या पाटावर आमचं नाव हाय. आमच्या ह्यांनी पेन्सिलीनं लिवलेलं. दरवर्षी त्याच्यावरनंच गिरवायचे. गेल्या दिवाळीत गेले ते."

दिवसभराचा माझा सगळा ताव तिथेच उतरला.

"मी घासलं," मी म्हटलं. "फोटोसाठी."

काकू आत गेल्या. आता हाकलतील असं वाटलं, तर ताट घेऊन आल्या. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. "जेव आदी." मी जेवायला बसले.

"काय शिकतंस तू?"

"डिझाइन. वस्तू चांगली कशी दिसेल, ते."

"ह्यांचं अक्षर काय चांगलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता तू लिव जाऊन. पन त्यांच्यासारखं काढायला जाऊ नको."

पेणला परत आले. काकूंचं म्हणणं ऐकून नानांनी पेन्सिल पुढे केली. अक्षरलेखनाचे दोन वर्ग मी पहिल्या नंबराने पास झालेय, आणि त्या वीतभर कडेवर एक नाव लिहायला मला अर्धा तास लागला. खोडरबर मागायची हिंमत झाली नाही. नानांनी त्या पाटावर पहिला गोळा ठेवला आणि मग माझ्या कागदावर सही केली.

पुण्यात सरांनी फोटो चाळले. स्वच्छ आहेत म्हणाले. स्वतःचं डिझाइन कुठे, विचारलं. काही केलं नाही म्हणून सांगितलं. मार्क कापले, पण पास केलं.

वर्ष वाचलं. घरी सगळ्यांना पेढे वाटले. अष्टमीच्या त्या घरात यंदाही गणपती बसला असेल, पाटही त्यांचाच असेल, आणि आरतीला उभ्या राहिलेल्या काकूंची नजर त्या कडेवर गेली असेल, तर तिथे माझं अक्षर असेल. चांगलं, सुबक, परकं.