बेण्याचा ऊस

अण्णा अमेरिकेत आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "गावाचं नाव शुगर लँड, मग ऊस कुठाय गं?"

ऊस नाही. ह्यूस्टनच्या या उपनगरात रुंद रस्ते आहेत, दुकानं आहेत आणि अंगाला चिकटणारा उकाडा आहे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी सांगलीकडच्या साखर कारखान्यात गव्हाणीवर गेली. ट्रॉलीतला ऊस जिथे ओततात ती गव्हाण. त्या पगारावर मी इंजिनिअर झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि हे सांगताना मी कधी आवाज खाली करत नाही.

पण अण्णांचे परत जायचे दिवस जवळ आले, तरी माझ्या लेकीशी त्यांचं धड बोलणं झालेलं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही. लेकीला मराठी समजतं, पण तोंडातून इंग्लिश येतं. अण्णांना इंग्लिश येत नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसायची आणि मग दोघंही माझ्याकडे बघायची.

"आजोबा विचारतायत, शाळा कशी झाली?"

"टेल हिम फाइन."

संपलं. एकदा अण्णा विमानात बसले की हे कायमचं असंच राहणार, याची मला धास्ती होती.

सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीला आम्ही लुइझियानात, जुन्या फ्रेंच खेड्यांच्या भागात एक घर भाड्यानं घेतलं. लेक शाळेत फ्रेंच शिकते, म्हणून हा भाग मी निवडला. "फ्रान्सपेक्षा बरं, ड्राइव्ह करून जाता येतं," नवरा म्हणाला. घर लाकडी, खांबांवर उचललेलं, पुढे लांब ओसरी आणि तिच्यावर डुलत्या खुर्च्या. समोर बायू. म्हणजे वाहतंय की थांबलंय, याचा पत्ता लागू न देणारं पाणी.

मी कुठेही गेले तरी अभ्यास करून जाते. पहिल्या दिवशी सगळ्यांना चर्च दाखवलं, दफनभूमी दाखवली. तिथे जमिनीत लगेच पाणी लागतं म्हणून थडगी वरच बांधतात. म्युझियममध्ये इथल्या लोकांची कहाणी वाचली. इंग्रजांनी त्यांना कॅनडातून हाकललं, ते बोटींनी इथवर आले, आणि पुढे कधीतरी त्यांच्याच मुलांना शाळेत फ्रेंच बोललं म्हणून शिक्षा व्हायला लागली. लेक थडग्यांवरची नावं मोठ्यानं वाचत होती. अण्णा ओकच्या झाडाखाली मान वर करून उभे. फांद्यांवरून राखाडी शेवाळ्यासारखं काहीतरी लोंबत होतं.

"झाड आजारी हाय का?"

"नाही अण्णा, इथे असंच असतं."

"मग ठीक."

दुपारी एका जुन्या मळेवाल्याची हवेली पाहिली. गाइड बाई खुर्च्या आणि पडदे यांवर बराच वेळ बोलल्या. मागच्या बाजूला लहान लहान खोपटी होती. ऊस तोडणारे, रस उकळणारे गुलाम तिथे राहायचे. तिथे मात्र लेकीनं फोन खिशात टाकला. अण्णा अंगणात अडकले होते. एक अवाढव्य लोखंडी कढई, तिच्यात पाणी आणि कमळं.

"अगं, ही काहील हाय! गुळाची! हिच्यात कमळं कशाला लावली?"

मी लेकीला सांगितलं. तिनं विचारलं, रस किती वेळ उकळायचा? मी अण्णांना विचारलं. अण्णा उत्साहानं काहिलीखालच्या चुलवाणापासून सुरू झाले. त्यांचं संपून माझं भाषांतर सुरू होईपर्यंत गाइड बाई पुढे गेल्या होत्या, आणि त्यांच्या मागे लेकही. माझ्या हातून जाताना प्रत्येक गोष्ट निवून जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा झोपला होता. आम्ही तिघं घरामागच्या रस्त्यानं फिरायला निघालो. वळण घेतलं आणि अण्णा थांबलेच. दोन्ही बाजूंना ऊस. वाऱ्यानं पाती सळसळत होती. कडेला ट्रॉली उभी, उसानं गच्च भरलेली, जवळ कोणी नाही. अण्णांनी एक ऊस खसकन ओढला, गुडघ्यावर मोडला, अर्धा खाली ठेवला आणि अर्धा दातांनी सोलायला लागले.

"आजोबा! दॅट्स स्टीलिंग!"

हे त्यांना माझ्याशिवाय कळलं. "चोरी कसली गं? ट्रॉलीतला एक ऊस वढला तर कोण काय म्हणत न्हाई. तुझी आई शाळंतनं येताना रोज वढायची."

"आई, यू डिड?"

"रोज नाही."

"रोज," अण्णा म्हणाले आणि चोखत राहिले.

तेवढ्यात शेताच्या पलीकडून एक ट्रॅक्टर आला. टोपी घातलेला म्हातारा गोरा शेतकरी खाली उतरला आणि पुढे धावणाऱ्या कुत्र्याला फ्रेंचमध्ये ओरडला. अण्णांनी तेव्हा पहिल्यांदा शेताकडे नीट पाहिलं. ट्रॉलीमागच्या तुकड्यात उभा ऊस नव्हता; सऱ्या उघड्या होत्या आणि त्यांत अख्खे ऊस आडवे घातलेले. अण्णांचं तोंड उतरलं.

"अगं, बेणं हाय हे."

बेणं म्हणजे लावणीसाठी राखलेला ऊस. आमच्याकडे ट्रॉलीतला ऊस कोणीही ओढतं, पण ट्रॉली बेण्याची आहे म्हटलं की द्वाड पोरंसुद्धा हात मागे घेतात. अण्णांच्या तोंडात घास होता, थुंकताही येईना, गिळताही येईना. शेतकऱ्याला ते घाबरले नव्हते. ते नातीकडे बघत होते.

"सांग त्याला," ते मला म्हणाले, "बेणं हाय ते दिसलं न्हाई. चुकलं माझं."

मी तोंड उघडणार, तोच लेक पुढे झाली आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागली. म्हातारा जागच्या जागी थांबला. चार वाक्यांनंतर ती अडली, वळली, आणि माझ्याकडे नाही, अण्णांकडे.

"आजोबा, बेणं... का नाही खायचं?"

अण्णांनी खाली ठेवलेला अर्धा ऊस उचलला आणि पेरावर बोट ठेवलं. "ह्यो डोळा. ह्यातनं कोंब येतो. ह्यो खाल्ला की पुढचा ऊस संपला."

"ओह. लाइक, द होल प्लँट." ती पुन्हा म्हाताऱ्याकडे वळली, बोटानं कोंब कसा वर येतो ते दाखवत. मधे मी उभी, काही कामाची नाही.

म्हातारा हसला. मला इंग्लिशमध्ये म्हणाला, "माझी नातवंडं वर्षभरात एवढं फ्रेंच बोलत नाहीत माझ्याशी." मग त्यानं अण्णांच्या हातातल्या अर्ध्या उसाकडे आणि सरीकडे बोट केलं. अण्णा बूट काढायला वाकले. म्हाताऱ्यानं घाईनं जमिनीवरच्या लाल मुंग्या दाखवल्या, तसे अण्णा पुन्हा नाडी बांधून सरीत उतरले. ऊस आडवा घातला. म्हाताऱ्यानं ट्रॉलीतून कवळाभर आणखी दिला, तोवर लेकही सरीत उतरली होती.

"असं न्हवं, पोरी. टोकावर टोक येऊ दे."

"लाइक धिस?"

"व्हय. तस्सं."

ती सरी संपेपर्यंत दोघांनी एकदाही मला हाक मारली नाही.

शेवटच्या दिवशी मी आणखी एक जुनं चर्च ठरवून ठेवलं होतं. उठून पाहते तर दारात अण्णांचे आणि लेकीचे बूट नव्हते. शेताकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. नवऱ्यानं विचारलं, "बोलावून आणू? उशीर होईल."

"नको. चर्च कॅन्सल कर," मी म्हटलं आणि आमच्या दोघांपुरताच चहा टाकला.