माझ्या नावाची पात

रविवार, दिनांक १० नोव्हेंबर २०२४. सकाळी साडेसहा वाजता मी चांदे येथील इमारतीच्या सतराव्या मजल्यावरून खाली उतरलो. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर जुनी टोपी, हातात पाण्याची बाटली. चिरंजीव अनिल गाडी काढून उभा होता. मागच्या आसनावर नात सई, अर्धवट झोपेत. सूनबाई कानपूरच्या. त्यांनी निघताना दारातून बजावले होते, "पापाजी, धूप में मत बैठिएगा." मी मान हलवली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारले, "अंकल, आज इतनी जल्दी?" मी म्हणालो, "गाँव जा रहा हूँ."

ते गाव म्हणजे भरे. घोटावड्यावरून गेल्यास जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. एवढ्या अंतराला गावी जाणे म्हणणे विचित्र आहे, हे मला कळते. परंतु मी भऱ्याहून चांद्याला आलेलो नाही. मी आलो जबलपूरहून. भरे सोडून तिथे गेलो, तिथल्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झालो, तिथेच पत्नी वारली, आणि गेल्या हिवाळ्यात मुलाने मला इकडे आणले. मुळशी तालुक्यातून निघालेला माणूस मुळशी तालुक्यात पोहोचला, असे कोणी म्हणेल. परत आलो, असे मी म्हणणार नाही.

हे लिहिणे भऱ्यात मागे राहिलेल्यांसाठी आहे, आणि माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्यासाठीही. दोघांनी एकमेकांना फारसे विचारलेले नाही.

मी प्रथम निघालो तो महिनाही कापणीचाच होता. वय बावीस. ओढ्याकाठच्या आमच्या खाचरात आंबेमोहोर भात उभा होता. त्या काळी कापणी सावडीने होत असे. आज आमच्या खाचरात सगळी आळी, उद्या त्यांच्या खाचरात आम्ही. प्रत्येकाला कापायला एक पट्टा वाटून दिला जाई. त्या पट्ट्याला पात म्हणतात. पाती धरून माणसे ओळीने वाकली, की माझे थोरले बंधू मारुती, ज्यांना मी दादा म्हणतो, ते भलरी सुरू करीत. भलरी हे कामाचे गाणे. एकाने चरण सांगायचा, बाकीच्यांनी झील धरायची, म्हणजे ठरलेले शब्द ओढून पुन्हा पुन्हा म्हणायचे. मी लहानपणापासून झील धरणारा. चरण दादांचे.

आमच्या घरच्या भलरीत एक रीत होती. पात धरलेल्या प्रत्येकाचे नाव गाण्यात ओळीने यायचे, नावाला जोडून एक टोमणा यायचा, आणि ज्याचे नाव आले त्याने "हो" देऊन झील उचलायची. ज्याने पात धरली नाही त्याचे नाव घ्यायचे नाही, मग तो पाटील असो की पाहुणा. दादा माझे नाव घेत ते असे: "दत्तूची पात मागं मागं, नवरी चालली सासरी रं." मी कापण्यात मंद होतो. सगळे हसत. मी "हो" देत असे.

जबलपूरच्या कारखान्यातून हजर होण्याचा निरोप नेमका त्या आठवड्यात आला. निघायच्या दिवशीही मी सकाळी पात धरली. ती निम्मी झाली असताना वडील बांधावर येऊन म्हणाले, "दत्तू, गाडीची येळ झाली. पात राहू दे. मारुती बघंल." एवढेच. मी ओढ्यात हात धुतले, पत्र्याची पेटी उचलली आणि रस्त्यावर येऊन एस.टी.ची वाट पाहत उभा राहिलो. तिथपर्यंत भलरी ऐकू येत होती. एकेक नाव येत होते. मग, सवयीने असेल, माझे आले. "हो" द्यायला कोणी नव्हते. थोडा वेळ खाचर शांत राहिले, मग हशा झाला, मग दादांनी पुढचे नाव घेतले. एस.टी. आली.

जबलपूरला क्वार्टर मिळाले, ड्यूटी लागली. पहिल्या वर्षात "भाजी" म्हणायचे सुटून "सब्जी" तोंडात बसले. संध्याकाळी रेडिओ लावून बसण्याची सवय लागली. त्यावरची गाणी मला आवडत, अजूनही आवडतात. पण ती ऐकायची गाणी होती. त्यांत कोणी मला काही विचारत नव्हते.

हिवाळ्यात कॉलनीतली कुटुंबे भाड्याची जीप करून भेडाघाटला सहलीस जात. डब्यात पूरी-सब्जी, खडकावर सतरंजी, धबधब्याच्या आवाजावर मात करीत अंताक्षरी. एका सहलीत शेजाऱ्यांनी आग्रह धरला, "मराठा भाईसाहब, एक गाना अपने देस का." मी झील म्हटली. ती संपली. पुढे काय म्हणायचे ते मला येत नव्हते, कारण चरण मी कधी पाठ केलेच नव्हते; ते समोरून येत असत. मी पुन्हा झील म्हटली. पत्नी शालिनी साताऱ्याची, गाण्याची जाण असलेली. तिने शांतपणे विचारले, "अहो, पण हे गाणं सुरू कधी होतं?" सगळी सतरंजी हसली. अनिल सहा-सात वर्षांचा होता. तो म्हणाला, "बाबांच्या गाण्यात नुसतं शेपूट आहे. गाय कुठाय?" घरात ही थट्टा पुढे कायम झाली. मी पुन्हा सहलीत गायलो नाही. स्नान करताना मात्र झील म्हणत असे, आणि बाहेरून शालिनी विचारी, "गाय आली का?"

आम्ही सुटीला भऱ्याला येत असू, पण मे महिन्यात. मुलाची शाळा आणि माझी रजा दोन्ही तेव्हाच जुळत. मे महिन्यात खाचर मोकळे असते. एका वर्षी मी दादांना म्हणालो, भलरी एकदा म्हणा, मी चरण पाठ करतो. ते उखडले. "घरात मांडी घालून म्हनायला ते काय कीर्तन हाय व्हय? कापनीला ये, मंग ऐक." कापणीच्या दिवसांत मला रजा कधी मिळाली नाही. पुढे मिळाली असती, तेव्हा मागितली नाही. अशा रीतीने नोकरीचे सारे आयुष्य माझ्याकडे नुसती झील राहिली. दादांकडे चरण होते. सावड मोडली, आळीतली माणसे पिरंगुटच्या कारखान्यांत लागली, आणि त्यांच्या चरणांनाही झील धरणारे कोणी उरले नाही. हे त्यांनी कधी सांगितले नाही.

शालिनी गेल्यानंतर एक गोष्ट लक्षात आली. तिच्या आवाजात माझे नाव नव्हते. ती "अहो" म्हणे. कारखान्यात मला आडनावाने ओळखत. मुलगा बाबा म्हणतो, सूनबाई पापाजी, इमारतीत मी अंकल. दत्तू म्हणणारे एक दादाच उरले आहेत, आणि त्यांना फोनवर बोलणे आवडत नाही. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःहून फोन केला तेव्हा मला काळजी वाटली.

"रैवारी कापनी हाय," ते म्हणाले. "ओढ्याचं खाचर. बाळूनं ते दिलं इमारतवाल्यांना. ह्यो भात निघाला का ते कुंपन घालनार. येतोस का?"

मी येतो म्हणालो. बाळू म्हणजे माझा पुतण्या. त्याचा निर्णय व्यवहाराचा आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मला एवढेच कळले की भलरी कापणीत म्हणतात, आणि ही शेवटची कापणी आहे. माझे नाव त्यात एकदा ऐकायचे असेल, तर आजच.

दादा खाचरात उभे होते. पाठ वाकलेली, आवाज शाबूत.

"आलास व्हय? म्हनलं सतराव्या मजल्यावरनं उतरायलाच दुपार व्हईल."

"लिफ्ट आहे, दादा."

"मंग गुडघ्याला पट्टा कशापायी?"

बाळूने माझ्यासाठी बांधावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. मी बसलो. कापायला चार जण होते, झारखंडचे. पिरंगुटला कामाला जातात, बाळूच्या चाळीत भाड्याने राहतात, रविवारी सुटी म्हणून आले होते. शेजारच्या खाचरात भर घालून झाली होती; तिथे जेसीबी चालू होता. चौघांनी पाती धरल्या. दादांनी आपली धरली. विळा चालवला, तोंड उघडले आणि थांबले.

"दत्तू, ह्यांची नावं काय हायेत? तुज्या हिंदीत इचार की."

"दोन वर्षे तुमच्या चाळीत राहतात. नावे माहीत नाहीत?"

"भाडं बाळू घेतो. मला ते तीन लंबरच्या खोलीवाले. पन आता पात धरलीया त्यांनी."

मी विचारले. सुखदेव, बिरजू, अर्जुन, रामप्रवेश. मी दादांना सांगितले.

"येवढं रामपरवेस झीलंत मावत न्हाई. त्याला रामा करतो. चालतं का बघ."

रामप्रवेश हसून म्हणाला, "चलेगा दादा. गाँव में भी सब रामा ही बोलते हैं."

दादांनी सुरुवात केली. "सुकदेवाची पात सरळ, जशी गाडीची चाकुरी रं." मी खुर्चीवरून झील धरली. आवाज फाटला, पण जागेवर पडला. "रामा थांबला तंबाखूला, इळा निजला मुठीत रं." रामाने खरोखरच चुन्याची डबी काढली होती. त्याला अर्थ सांगितला तेव्हा तिघे मोठ्याने हसले. "हो" द्यायचा असतो हेही सांगितले. ते देऊ लागले. चार नावे झाली, दादांनी स्वतःचे घेतले, आणि पुन्हा सुखदेवपासून आरंभ केला. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी सुरू झाली. माझे नाव आले नाही.

येणार नव्हतेच. मी खुर्चीवर होतो.

मी बूट काढले. अनिल म्हणाला, "बाबा, गुडघा." मी बांध उतरलो. दादांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाटीतल्या जादा विळ्याकडे बोट केले आणि पायाने बांधालगत एक अरुंद पट्टा आखून दिला.

"ही घे. पोरीबाळींना देत व्हतो असली."

हाताला मूठ आठवली. कमरेला वाकणे आठवले नाही. पहिली मूठ मुळासकट आली. "उपटू नगं. काप," दादा म्हणाले. दुसरी बरी आली. विळा जमिनीलगत चालू लागला. दवाने मनगट भिजले. मग शेजारून आवाज आला.

"दत्तूची पात निम्मी राहिली, म्हातारा आला कापाया रं."

मी "हो" दिला. झील उचलता आली नाही. ती बिरजूने उचलली. शब्द चुकीचे होते, सूर बरोबर होता.

चौघांच्या पाती झाल्या. दादांचीही झाली. बाळूच्या घरून भाकरी आली, तसे सगळे बांधावर जाऊन बसले. माझी पात बाकी होती. शेवटची पात संपल्याखेरीज चरण सांगणारा खाचराबाहेर जात नाही, हीसुद्धा रीतच. दादा उन्हात उभे राहिले आणि गात राहिले. पात धरलेला मी एकटा, त्यामुळे फेरीत नावही एकच. दत्तू, पुन्हा दत्तू. टोमणे संपल्यावर ते नुसते नाव घेऊ लागले. आता मी "हो" देत होतो आणि झीलही धरत होतो. जेसीबीवाल्याने मशीन बंद करून आमच्याकडे पाहिले. शेवटची मूठ कापून मी सुकायला आडवी ठेवली.

"झालं?" दादांनी विचारले.

"झाले."

"चल मंग. कालवन निवतंय."

निघताना त्यांनी तोच विळा माझ्या हातात दिला. "घिऊन जा. हितं आता काय कापायचंय?" मी घेतला.

गाडीत सईने खाचरात घेतलेले चित्रण मोबाइलवर लावले. त्यात जेसीबी स्पष्ट होता, दादा बरे होते, मी ऐकू येत नव्हतो. घोटावड्याच्या पुढे अनिल म्हणाला, "बाबा, म्हणजे गाय होती तर."

ज्या व्यक्तीला हे सांगायला हवे होते, ती गाडीत नव्हती.

घर म्हणजे काय, असे बाहेर गेलेल्यांना नेहमी विचारतात. जागा म्हणावी, तर ती आता कुंपणात जाईल. माणसे म्हणावीत, तर एक उरले आहेत, आणि पुढल्या वर्षी कापणी नसल्यामुळे ते गाणार नाहीत. मी आग्रह करणार नाही. चरण मला आजही पाठ झाले नाहीत. जिथे आपले नाव घेतले जाते आणि आपण "हो" देतो, तेवढे घर असे मी धरून चालतो. ते मला आज सकाळी, एका अरुंद पट्ट्यापुरते मिळाले. जबलपूरला जे अजून आहेत, आणि जे आणखी दूर आहेत, त्यांना एवढेच सांगेन: सुटी मे महिन्यात घेऊ नका.

घरी पोहोचल्यावर गुडघ्याचा पट्टा सोडला. विळा नळाखाली धुतला, पात्याला चिकटलेली माती दातांच्या जुन्या ब्रशने काढली, फडक्याने कोरडा केला, खोबरेल तेलाचे बोट फिरवले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला.