जिनिंगमधले महाराज

तालीम चालू असताना भाऊसाहेब मध्येच थांबायचे आणि झटकन मागे वळून पाहायचे. मागे कोणीच नसायचं. "कोन हासला बे?" ते विचारायचे. कोणीही हसलेलं नसायचं. पण हा प्रश्न ऐकला की हसू यायचंच, आणि मग त्यांचा संशय पक्का व्हायचा.

वणीला त्यांचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगाम संपला की रिकाम्या गोदामात आमच्या नाट्यमंडळाच्या तालमी चालत. गोदाम त्यांचं, चहा त्यांचा, म्हणून राजाही तेच. अभिनय त्यांना येत नव्हता. मुकुट घातला की आवाज चढवायचा, एवढीच त्यांची राजाची कल्पना. मी पडदा ओढायचो, त्यामुळे हे वैभव मला विंगेतून अगदी जवळून पाहायला मिळालं.

त्या वर्षी आम्ही एक जुनी ग्रीक शोकांतिका मराठीत बसवली. आपला हुशार मेहुणा गादीवर टपलाय असं राजाला वाटतं. मेहुणा मात्र निर्दोष असतो. ती भूमिका इंगळे मास्तरांकडे होती. शाळेत गणित शिकवणारा, हळू बोलणारा माणूस. ते बोलू लागले की चहावालासुद्धा किटली धरून उभा राहायचा.

भाऊसाहेबांना तेच खुपलं. "हा मानूस लय इचार करते," मला बाजूला घेऊन ते म्हणाले. "माह्या जागेवर डोळा हाये त्याचा."

आधी त्यांनी मास्तरांची वाक्यं कापली. मग मास्तरांना उजेडातून काढून खांबाआड उभं केलं. शेवटी विसरलेलं वाक्य आतून सांगणाऱ्या प्रॉम्प्टरलाही घालवलं. कारण काय, तर तो मास्तरांच्या गल्लीत राहायचा!

मास्तर एकदाच म्हणाले, "भाऊसाहेब, मले कायले राजा व्हायचं? शाळा सुटल्यावर इथं बरं वाटते, म्हून येतो."

"पाय, कसा गोड बोलते," भाऊसाहेब माझ्या कानात कुजबुजले.

चंद्रपूरला स्पर्धा होती. राजा मेहुण्यावर फितुरीचा आरोप करतो, तो प्रवेश आला. भाऊसाहेब तलवारीला हात घालून पुढे सरसावले, तोंड उघडलं आणि वाक्यच गेलं. मिशीचा रंग घामाबरोबर ओघळू लागला. तेवढ्यात मास्तर खांबाआडून पुढे आले, गुडघे टेकून म्हणाले, "महाराज, राजवाड्यातली माणसं मीच फितवली, असं आपल्याला म्हणायचंय ना? मग म्हणा. मी ऐकतोय."

भाऊसाहेबांना धागा सापडला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही कळलं नाही.

आता भाऊसाहेब मास्तरांना मिठी मारतील असं मला वाटलं. पण त्यांनी आत येऊन मुकुट टेबलावर आपटला. "पायलं? माह्या तोंडातलं वाक्य चोरलं यानं! समद्यांसमोर मले गुडघ्यावर आनलं!"

गुडघ्यावर कोण बसलं होतं, हे त्यांना सांगणार कोण? मास्तरांनी तोंडावरचा रंग पुसला, "येतो," म्हणाले, आणि पुन्हा तालमीला आले नाहीत.

पुढच्या वर्षी तेच नाटक घेऊन आम्ही पुन्हा गेलो. मेहुणा म्हणून भाऊसाहेबांनी सख्खा पुतण्या उभा केला होता. आज्ञाधारक आणि ठोंब्या. त्याच वाक्याला भाऊसाहेब अडले. काका पुतण्याकडे पाहत राहिले, पुतण्या काकांकडे. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. मी जमेल तेवढी वाट पाहिली आणि पडदा ओढला. त्यानंतर मंडळ काही उरलं नाही.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होत असेल, असं तुम्हाला वाटेल. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. भाऊसाहेब कूलरपुढे एकटेच बसले होते. खूप थकलेले. पोटच्या पोरांशीही पटेनासं झालं होतं. खरं सांगतो, मला कीव आली. त्यांनी चहा मागवला, माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि हलकेच विचारलं, "इंगळे काय करून राह्यला आजकाल?"

"काही नाही, भाऊसाहेब. रिटायर झाले. नाटक कवाच सोडलं त्यायनं. नातीले घेऊन बागेत बसतात."

"कोनाशी बोलते का?"

"नाही. गप बसतात."

भाऊसाहेब उठले. खिडकीतून बाहेर पाहून त्यांनी दाराला आतून कडी घातली.

"म्हंजे काहीतरी ठरवून राह्यला तो," ते म्हणाले.