पणजोबांच्या जागी खोकला

दर पितृपक्षात भटजी तीन पिढ्यांची नावं विचारतात. वडील, आजोबा… आणि स्वतःच्या पणजोबांपाशी आलं की माझे वडील, आमचे आबा, खोकतात. यंदा पितृपक्षाच्या आधीच ऐंशीच्या आबांनी मला सुनावलं, "मरेपर्यंत मी असाच खोकत राहू का?"

पणजोबांचं नाव ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, हैदराबादच्या काकू. आबांचे दिवंगत चुलतभाऊ बापूकाका, त्यांच्या पत्नी. काकांना पाळण्यात पणजोबांचंच नाव ठेवलेलं. पण थोरांचं नाव घरातल्या बायका घेणार कशा? म्हणून सगळे बापू म्हणत. मास्तरांनी शाळेतही बापूरावच लिहिलं.

लातूरहून सकाळची बस धरली. सात तास लागतात. जहिराबादच्या थांब्यावर इडली बरी, चटणी जपून खा. हैदराबादच्या बसस्टँडवरून काकूंचं गौलीगुडा, जामबागेच्या फुलबाजाराशेजारी, पायी दहा मिनिटांवर. मी शहाणा, रिक्षा केली आणि दीडशे रुपयांत उगाच आबिड्सचा बाजार बघून आलो. तुम्ही चालत जा.

काकूंनी अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली. तिसरीला नको म्हणेपर्यंत चौथी पानात. मग मी विषय काढला.

"नक्को बाबा! थोरल्या मालकाचं बी तेच, आमच्या मालकाचं बी तेच. डबल पाप होतंय."

मी चाळीस नावांची यादी वाचायला घेतली. म्हटलं, नुसती मान हलवा. काकूंनी डोळेच मिटले. एवढ्या लांब आलो ते फक्त जेवायला, असं वाटून पार खचलो.

शेवटी त्यांची नातसून आतून ओरडली, "आज्जी, उखाण्यात चालतंय ना? लग्नात घेतलंच की!"

"हौ, उखाण्यात चालतंय." काकू उठल्या, इस्त्रीची साडी नेसून आल्या, पदर सावरला. "हे गेल्यापासून घेतलं नाही रे," म्हणाल्या, आणि लाजल्या. चक्क लाजल्या.

"जामबागेत मोगऱ्याच्या राशीवर राशी,
सटवाजीरावांचं नाव घेते पाहुण्यापाशी."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

यंदाच्या श्राद्धाला आबांनी "सटवाजी" असं काही ठणकावलं की भटजी दचकले. दुपारी आबांनी वंशावळीचा कागद पसरला. सटवाजी लिहून झालं, बापूकाकांपाशी आले. "वहिनींचं नाव काय रे?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. काकूंच्या हातच्या चार भाकरी खाऊन आलो होतो. खरंच लाज वाटली. लगेच फोन लावला.

पलीकडे काकू बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "माझं? माहेरचं लिहितोस, का सासरी ठेवलेलं?"

"दोन्ही सांगा," मी म्हटलं, आणि आबांनी पेन उचललं.