उंदरांजवळ बसणारे रखमाजी

हसनाबादचे रखमाजी जालन्यातल्या एका फार्मसी कॉलेजात चौदा वर्षं उंदीर सांभाळत होते. पांढरे, लाल डोळ्यांचे. भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, कूलर बंद पडला तर खिडकीला ओली पोती लावायची. बायको चतुराबाई चिडवायची, "घरच्या उंदराला सापळा लावता आन् तिथल्याला जोजवता!"

त्या वर्षी गंधाली पीएचडी करायला आली. ताणानं मेंदूचं आणि वागण्याचं काय होतं, हे तिला पाहायचं होतं. निम्मे उंदीर रोज दोन तास अरुंद नळीत अडकवायचे, निम्मे मोकळे ठेवायचे. मग एकेकाला मोठ्या पेटीत सोडायचं. निर्धास्त उंदीर मधोमध हिंडतो, भेदरलेला भिंत सोडत नाही.

पण ताळमेळ लागेना. नळी कधी न पाहिलेले उंदीरही एखाद्या दिवशी भिंतीलाच चिकटून बसत. महिनाभराच्या नोंदी चाळल्यावर गंधालीच्या ध्यानात आलं. साधना नावाची दुसरी कर्मचारी ज्या दिवशी पिंजरे आणायची, त्या दिवशी ते मजेत हिंडत. रखमाजी आणत, त्या दिवशी दबून राहत. मग वाचताना कारणही सापडलं. पुरुषाच्या अंगाच्या वासानंच उंदरावर ताण येतो, माणूस कितीही मायाळू असला तरी.

सांगायचं कसं? दोन दिवस तिनं टाळलं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना, "काका, यात तुमची चूक नाही," म्हणत सगळं सांगून टाकलं.

रखमाजींनी कप खाली ठेवला.

"म्हंजी मी आत आलो की ते भेतेत?"

"हो, काका."

"डोळे उघडले नव्हते तवापासून सांभाळून राह्यलो त्यांना." त्यांनी आपली बाही हुंगून पाहिली. "मंग न्हाई येत मी आत."

चार दिवस ते दाराबाहेरच उभे राहिले. तिथूनच साधनाला सांगत, "तिसऱ्या पिंजऱ्याची बाटली बराबर लाव, गळून राह्यली."

गंधालीला ते पाहवेना. तिनं आणखी वाचलं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "काका, तासभर आत नुसतं गप्प बसाल? वासाची सवय झाली की भीती उतरते म्हणे."

रखमाजी स्टुलावर बसले. उंदीर भुशात एकमेकांखाली शिरले. बराच वेळ काही हललं नाही. मग एकानं नाक वर केलं, दुसरा पाण्यापाशी आला. तासाभरानं रखमाजींनी एकाला पेटीत सोडलं. तो भिंतीकडेनं एक फेरी मारून थेट मधोमध गेला आणि तिथंच मिशा साफ करत बसला. गंधाली हसत वळली, तर रखमाजी टॉवेलानं डोळे पुसत होते.

त्या दिवसापासून कामाआधी तासभर त्यांचं बसणं ठरून गेलं. नोंदीही जुळायला लागल्या.

प्रयोग संपला. आता मेंदू तपासायचे, म्हणजे उंदरांना कायमचं झोपवायचं. गंधाली म्हणाली, "आज साधना आणेल, काका. तुम्ही सुट्टी घ्या."

"न्हाई ताई. मीच आणतो."

त्या सकाळी ते दोन तास बसले. मग एकेकाला ओंजळीत घेऊन आले. गंधालीच्या हातात देताना हळूच म्हणाले, "बघा, बिलकुल भेलेला न्हाई."

उंदीर तिचा अंगठा हुंगत होता. गंधालीनं त्याला थोडा वेळ तसंच हुंगू दिलं.