डांबराच्या सांध्यापलीकडे

चार वर्षं दर पंधरा दिवसांनी गिरिजा त्या पुलावर जायची आणि अर्ध्यातूनच माघारी फिरायची. पूल तो केवढा, समोरून ट्रॅक्टर आला तर आपण कठड्याला चिकटून उभं राहावं एवढा. खाली नदी, अलीकडे आयर्लंडचा मोनाहन जिल्हा, पलीकडे ब्रिटनमध्ये मोडणारं उत्तर आयर्लंड. मधोमध डांबराला एक सांधा आहे, तिथं रंग बदलतो, तेवढीच काय ती हद्द. चौकी नाही, फाटक नाही. दुधाचे टँकर जातात, मेंढ्या जातात, शेजारच्या शेतावरचं कुत्रं दिवसातून चारदा दोन्ही देश फिरून येतं. गिरिजा मात्र जायची नाही. तिचा पासपोर्ट भारताचा, आणि त्या पासपोर्टावर पलीकडे जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. बघायला कोणी नव्हतं हो, पण बाई पडली मिरजेच्या मास्तरीणबाईंची मुलगी. नियम म्हणजे नियम.

ती आली होती डब्लिनला शिकायला. तिथल्या ओंगार या उपनगरात चौघीजणी मिळून एका घरात राहिल्या, मग नोकरी, मग जयेशशी लग्न, आणि शेवटी मोनाहनच्या एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. आता नदी एक आणि काठ दोन देशांचे म्हटल्यावर भांडणाला काय तोटा! मासे मेले की हे म्हणणार घाण तिकडून आली, ते म्हणणार इकडून. म्हणून दोन्हीकडच्या प्रयोगशाळांनी एक रीत पाडली होती. ठरल्या वेळी दोघांनी आपापल्या काठावरून दोन-दोन बाटल्या पाणी भरायचं, पुलाच्या मधोमध भेटायचं आणि एकेक बाटली अदलाबदल करायची. दोन्हीकडचे आकडे जुळले तरच अहवाल पुढे सरकायचा.

पलीकडून यायचा वेस्ली. साठीचा, उंच, बोलण्यात भारी कंजूष. पहिल्याच दिवशी त्यानं तिला बजावलं होतं, "नमुना एकदा भरला की त्यात हात घालायचा नाही. वाईट निघाला तरी." ही पोरगी सांध्यावरच का थबकते, हे त्यानं दुसऱ्या खेपेला विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली आणि तेव्हापासून तोच सांध्यापर्यंत यायला लागला. करोना आल्यावर बाटल्यांची पेटी कठड्यावर ठेवून दोन मीटर मागे सरायचं एवढाच फरक पडला. गिरिजानं २०१९ मध्ये आयर्लंडच्या नागरिकत्वाचा अर्ज केला होता, तोही त्याला ठाऊक होता.

"आलं का पत्र?" तो विचारायचा.

"नाही."

"येईल."

झालं, एवढ्या गप्पा. घरी जयेशनं मात्र तिचं डोकं खाल्लं होतं. नागरिकत्व देताना वागणूक तपासतात, पत्र हातात पडेपर्यंत साधं पार्किंगचं चलनसुद्धा नको, असं तो रोज ऐकवायचा. गिरिजालाही ते पटत होतं. दर वेळी व्हिसाच्या तारखा मोजून जगायचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

नोव्हेंबर २०२० मधली ती सकाळ. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, नदी तुडुंब. करोनामुळे एका गाडीत एकच माणूस, त्यामुळे वेस्ली एकटा. गिरिजा बाटल्या भरून पुलावर आली आणि तिच्यादेखत समोरच्या काठावर ओल्या पाल्यावरून त्याचा पाय सटकला. कमरेपर्यंत पाण्यात गेला, एका मुळाला हात घालून लोंबकळत राहिला. पाय मोडला होता, वर येववेना.

गिरिजानं फोन लावला, ॲम्ब्युलन्सला जागा सांगितली आणि पळत सांध्यापर्यंत आली. आणि तिथं, काय सांगावं, थबकली. घटकाभर नव्हे, पण थबकली. पुढे कितीतरी दिवस तिला त्याची लाज वाटत होती.

खालून वेस्ली ओरडला, "येऊ नकोस! तुझा अर्ज! तिथंच थांब!"

हे ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मरणाच्या दारात बसून हा माणूस माझ्या अर्जाची काळजी करतोय! ती धावत पलीकडे गेली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरून बसली. वीस मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली ती दक्षिणेकडची, आणि तिनं वेस्लीला पोचवलं उत्तरेकडच्या हॉस्पिटलात. कोणी कोणाला कागद विचारले नाहीत.

कागद विचारला तो ऑफिसनं. अपघाताचा अहवाल भरायचा होता, आणि त्यात पहिलाच प्रश्न: घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता?

"अगं, 'पुलाजवळ' लिही ना! खोटं थोडंच आहे?" जयेश कळवळून म्हणाला. "दीड वर्ष थांबलोय आपण."

तिनं रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि लिहिलं: उत्तरेच्या काठावर, हद्दीपलीकडे, व्हिसा नसताना. ते वाचून जयेश तरातरा बाहेर निघून गेला.

आठवड्यानं तिची साहेबीण, फिडेल्मा, दोन कागद घेऊन आली. दुसरा वेस्लीचा होता. त्यानं हॉस्पिटलातून लिहून पाठवलं होतं: मदतीला कोणी आलं नाही, मी स्वतःच काठ धरून राहिलो.

"चार वर्षांत पहिल्यांदाच तुमचे आकडे जुळत नाहीत," फिडेल्मा म्हणाली.

गिरिजानं वेस्लीला फोन लावला. "हे काय लिहिलंत तुम्ही?"

"म्हातारा माणूस मी, डोक्याला मार लागलाय. आठवत नाही काही."

"पायाला लागलाय तुमच्या. आणि नमुन्यात हात घालायचा नाही, हे कोणी शिकवलं मला?"

"आगाऊ आहेस," तो म्हणाला.

त्यानं अहवाल दुरुस्त करून पाठवला. त्यात शेवटी एक प्रश्न होता: घटनास्थळी कोणी अनधिकृत व्यक्ती हजर होती का? वेस्लीनं लिहिलं होतं: नाही. माझी सहकारी होती.

गिरिजानं दोन्ही अहवालांच्या प्रती स्वतःच नागरिकत्वाच्या खात्याकडे धाडल्या. मग सहा महिने ना हूं ना चूं. पोस्टमन दिसला की ती दारापर्यंत धावायची, आणि जयेश चहा टाकायचा.

जूनमध्ये लिफाफा आला. मंजूर. त्या प्रसंगाचा त्यात एका अक्षरानं उल्लेख नव्हता. वकिलासमोर बसून तिनं निष्ठेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. आता भारताचा पासपोर्ट परत करावा लागणार, या विचारानं त्या संध्याकाळी ती ढसाढसा रडली, हेही खरं. सप्टेंबरात प्रमाणपत्र हाती आलं. आयर्लंडच्या नागरिकाला पलीकडे जायला व्हिसा लागत नाही, म्हणजे आता तिलाही लागणार नव्हता.

त्यानंतरच्या मंगळवारी ती पुलावर गेली. पलीकडे काठी टेकत वेस्ली उभा. यंदा निवृत्त झाला होता, पण मुद्दाम आला होता. ती चालत आली आणि डांबराच्या सांध्यावर, सवयीनं, थांबली.

वेस्ली या खेपेला पुढे आला नाही. तिथूनच ओरडला, "येतेस, का परत पडू नदीत?"