आजीचं कडवं

इस्त्रीमावशीचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. पुढे टेबल आणि कोळशाची जड इस्त्री, मागे पलंग. मावशीचं तोंड मात्र असं की बटण तुटलं म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक आणखी चार कपडे टाकून निमूट परत जायचं.

तिची एकुलती एक लेक गेल्या महिन्यात बाळंतपणात गेली. मागे राहिली एवढीशी नात. दफनाच्या दिवसापासून जावई ना रडला, ना त्याने पोरीला हातात घेतलं. काय खंबीर माणूस, असं लोक म्हणत. मावशीला ते खंबीरपण काडीचं पटलं नव्हतं.

मग नातीचा बाप्तिस्मा ठरला. त्यांच्या मंडळीत जुना रिवाज होता. बाळाच्या डोक्याला पाणी लागलं की आनंदगीताचं पहिलं कडवं आईच्या आईनं एकटीनं म्हणायचं, आणि ते पुरं होईपर्यंत बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. यावरूनच ठिणगी पडली. विहीणबाई म्हणाल्या, लेकीच्या कबरीवरची माती अजून ओली आहे आणि ही बाई गाणार? लोक तोंडात शेण घालतील. पाळकांचं दुसरंच. त्यांना गाणं हवं होतं, रडणं नको होतं. लेक प्रभूपाशी आहे असा विश्वास असेल तर डोळ्यांत पाणी कशाला? आवरणार नसेल तर कडवं गायनमास्तरांच्या बायकोला द्यावं, असं त्यांनी दुकानात येऊन गोड शब्दांत सुचवलं.

मावशीनं इस्त्री बाजूला ठेवली.

"पाळकसाहेब, मेलेल्या लाजराला आपण जिवंत उठवणार आहोत हे प्रभू येशूला ठाऊक होतं ना? तरी तो रडलाच. मग त्याचा विश्वास कच्चा होता का?"

पाळकांनी पुन्हा गायनमास्तरांच्या बायकोचं नाव काढलं.

"मी गाणार, आणि रडू आलं तर रडणार," मावशी म्हणाली. "दोन्ही माझंच आहे. त्यातलं एक घरी ठेवून यायला मला जमणार नाही."

पाळक मान डोलावून गेले खरे, पण जाता जाता त्यांनी गायनमास्तरांना सांगून ठेवलं की बाईचा आवाज फुटला तर लगेच ऑर्गन जोरात सुरू करा.

आदल्या दिवशी मावशीनं ट्रंकेतून बाप्तिस्म्याचा झगा काढला. लेकीचाच होता. गळ्यापाशी पिवळट डाग होता. बाप्तिस्मा होताहोताच लेक त्याच्यावर दूध ओकली होती. ते आठवून मावशी एकटीच खो खो हसली, आणि हसता हसता रडायला लागली. सुती कापडाला इस्त्रीआधी पाणी शिंपडावं लागतं. त्या दिवशी वेगळं शिंपडावं लागलं नाही. ओल्या कापडावरून गरम इस्त्री फिरली आणि झगा झकास झाला.

रविवारी डोक्यावर पाणी पडताच नात किंचाळली. पाळकांनी तिला विहीणबाईंच्या हाती दिलं. मावशी उठली. पहिली ओळ खणखणीत गेली. दुसऱ्या ओळीला लेकीचा चेहरा समोर आला आणि आवाज फाटला. मास्तरांचे हात ऑर्गनकडे गेले. मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते हात वरच राहिले. मग ती भर सभेत हुंदके देऊन रडली. तोंड झाकलं नाही. नाक पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली, आणि पुन्हा तिथेच अडली. सगळी मंडळी गप्प. रिवाजच तसा, करणार काय?

तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक बेसूर आवाज आला. जावई उभा होता. अडलेली ओळ त्यानं उचलली होती, आणि अर्ध्यावरच तो लहान मुलासारखा ढसाढसा रडायला लागला. विहीणबाई त्याची बाही ओढून त्याला खाली बसवू लागल्या. मावशी बाकांमधून तिथे गेली, त्यांच्याकडून नात घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"रडा, जावईबापू," ती म्हणाली. "पण ओळ सोडू नका."